इंग्लंडमधली काउन्सिल निवडणूक: टपालाने मत की प्रॉक्सी?

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या निवडणुका साधारणपणे मेच्या पहिल्या गुरुवारी होतात, म्हणजे ऐन लग्नसराईत. भारतीय पासपोर्टवर तिथे रीतसर राहणाऱ्यांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदानाचा हक्क आहे. यादीत नाव मात्र हवं. हा हक्क सुटीपायी वाया घालवू नका. त्या दिवशी तिथे नसाल तर मतपत्रिका टपालाने मागवा, नाहीतर आपल्या वतीने मत द्यायला प्रॉक्सी नेमा.

टपालाच्या मताला कारण द्यावं लागत नाही, फोटो ओळखपत्र लागत नाही आणि मत गुप्त राहतं. सोबतच्या पत्रकावर जन्मतारीख लिहून सही करायची. दोन्ही अर्जाशी ताडून बघतात. आपल्यातले बरेच जण कधी मराठीत, कधी इंग्रजीत सही करतात. अर्जावर एक आणि पत्रकावर दुसरी झाली, तर मत बाद होऊ शकतं. अर्जाच्या वेळी सहीचा फोटो काढून ठेवाच.

खरी अडचण वेळेची. उमेदवार पक्के होऊन मतपत्रिका छापल्या की मगच लिफाफे निघतात, आणि भरलेला लिफाफा मतदानाच्या रात्री 10 पर्यंत पोचावा लागतो. निघण्याआधी तो हातात पडणार असेल तर टपालच उत्तम. पुण्या-नाशिकला मागवून परत धाडायचा विचार मात्र सोडून द्या.

तिथे प्रॉक्सीच बरा. कारण सांगावं लागतं, पण सुटीवर असणं हेही कारण चालतं. प्रॉक्सी स्वतः मतदार हवा. तो तुमच्या केंद्रावर जाऊन स्वतःचं फोटो ओळखपत्र दाखवतो. भारतीय पासपोर्ट चालतो. मत कुणाला द्यायचं हे त्याला सांगावं लागतं, म्हणून माणूस विश्वासाचा बघा. नवरा-बायको दोघंही निघत असाल तर एकच मित्र दोघांची मतं देऊ शकतो.

मुदतही प्रॉक्सीला जास्त मिळते. 1 मे 2025 च्या निवडणुकीत टपालासाठी अर्जाची मुदत 14 एप्रिलला संपली, प्रॉक्सीसाठी 23 एप्रिलला. अचानक आजारपण आलं तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत तातडीचा प्रॉक्सी नेमता येतो. आणि बेत बदलून वेळेत परतलात, तर प्रॉक्सीने मत देण्याआधी केंद्रावर जाऊन स्वतः मत देता येतं. टपालवाल्याला ती मुभा नाही. भरलेला लिफाफा केंद्रावर नेऊन देता येतो, एवढंच.