घाटासाठी खिशात काय: लाडू, शंकरपाळी की पुरणपोळी?

सणासुदीला मुंबईतल्या सायकलवाल्यांमध्ये काही समजुती हमखास ऐकू येतात. तुपाने गुडघ्यांना वंगण मिळतं, गुळाने दम वाढतो, दिवाळीत चार दिवस हात न आखडता खाल्लं की पाचव्या दिवशी घाट सोपा जातो. पहिल्या दोन टिकत नाहीत. तिसरीत तथ्य आहे, आणि राइडला काय न्यायचं हे ठरवताना ते उपयोगी पडतं.

दादरहून लोणावळ्याला निघालात असं धरू. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे सायन-पनवेल रस्ता आणि पुढे जुना हायवे. सुमारे 80 किलोमीटर. खोपोलीपर्यंत फारसा चढ नाही, मग बोरघाट, आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच. दीड तासाच्या पुढच्या अशा राइडला शरीराला ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. खाणं निवडायचं ते या आकड्यावरून.

बेसनाचा लाडू चवीला पहिला, पण या कामात मागे पडतो. घरच्या नेहमीच्या प्रमाणाने वळलेल्या 40 ग्रॅमच्या लाडवात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं असतात, पण त्याचे जवळपास निम्मे उष्मांक तुपातून येतात. स्निग्ध पदार्थ पोटातून हळू पुढे सरकतात. घाटात नाडी वाढलेली असताना पोटात तूप असेल तर जड वाटतं, मळमळतं. शिवाय चरबीची आपल्याला टंचाई नसतेच: सडपातळ माणसाच्या अंगावरही कित्येक हजार उष्मांकांची चरबी असते, ती घाट चढून पुण्यापर्यंत पुरेल. संपते ती स्नायूंमधली आणि यकृतातली साखर. गुडघ्याच्या सांध्यात वंगणाचं काम करणारा द्रव सांध्याचं अस्तर तयार करतं, पानातलं तूप तिथे पोचत नाही. वर बेसन टाळूला चिकटतं आणि एका लाडवामागे अर्धी बाटली पाणी जातं.

शंकरपाळी त्यापेक्षा बरी. ती तळलेली आहे हे खरं, पण मैदा आणि साखर जास्त असल्याने मूठभरात कर्बोदकं तुपाच्या दुप्पट-तिप्पट निघतात. आकारही सोयीचा, हँडलवरच्या छोट्या पिशवीतून एका हाताने काढता येते. अडचण एकच: फार खुसखुशीत झाली असेल तर धाप लागलेली असताना तिचा भुगा घशात जातो आणि ठसका लागतो. म्हणून ती सपाट रस्त्यावर खावी, वाशीचा पूल ओलांडल्यावर पनवेलपर्यंत.

माझं मत मात्र पुरणपोळीला. होळीची पोळी दिवाळीत कशाला, असं घरून ऐकावं लागेल, तरी आदल्या रात्री चार लाटून घ्याच. कणीक, हरभऱ्याची डाळ आणि गूळ. एका मध्यम पोळीत 40 ते 50 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळपास तासाभराची बेगमी, आणि वरून तूप सोडलं नाही तर स्निग्धांश अगदी थोडा. गूळ ही मुख्यतः साखरच, तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात. आतड्यात त्यांच्या शोषणाच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे दोन्ही मिळून जास्त ऊर्जा आत घेता येते. सायकलवाले राइडमध्ये चोखतात त्या महागड्या गोड जेलच्या पाकिटातही हेच मिश्रण असतं. गुळातलं लोह मात्र एका सकाळीत दम वाढवत नाही.

पोळी पातळ लाटा, तव्यावर कोरडी भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम घडी केली तर वाफेने ओली होते. मग चार घड्या घालून बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. ती वाकते, मोडत नाही, घामाच्या उबेने उलट मऊच राहते. एका वेळी अर्धी खा, वर दोन घोट पाणी. डाळीने पोट फुगत असेल तर पहिला प्रयोग घाटात नको, आरे कॉलनीच्या रस्त्यावर करून बघा.

उकडीचा मोदक तांदळाचा आणि गुळाचा म्हणून मोह होतो, पण खिशात त्याचा चेंदामेंदा होतो आणि उकाड्यात ओलं खोबरं आंबतं. तो घरी पानावरच खावा. तिळगुळात तीळ भरपूर, तिळाचं निम्मं वजन तेलाचं, म्हणून लाडवाचीच तक्रार. करंजी आणि अनारसे खिशात टिकत नाहीत.

चिवड्याची बाजू मला मांडायचीच आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामावाटे मीठ भरपूर जातं आणि दोन-तीन तास गोड खाऊन जीभ विटते. खोपोलीत चहाच्या टपरीवर सायकल टेकवून मूठभर चिवडा खाल्ला की खारट चवीने तहान लागते, पाणीही नीट प्यायलं जातं. चालत्या सायकलवर तो खाता येत नाही, एवढंच.

आता ती तिसरी समजूत. चार दिवस भात-पोळी आणि गोडधोड जास्त आणि सायकल कमी, म्हणजे स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे वर सांगितलेली साठवणीची साखर, भरून राहतं. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं. भाऊबीजेला काटा किलोभर जास्त दाखवतो त्यात हे पाणीही असतं, लगेच धास्ती घेऊ नका. सायकलसकट 80 किलो असाल तर तो किलो घाटात साधारण सव्वा टक्का जड पडतो, सपाटीवर जवळपास काहीच नाही. भरलेल्या साठ्याचा फायदा लांब राइडमध्ये याहून मोठा. फक्त तो साठा भात, पोळी, पुरण यांनी भरतो, चकली-कडबोळ्यांच्या तळणाने नाही.

मरीन ड्राइव्हवर तासभर फिरणार असाल तर खिशात काहीच नको, साठा पुरतो. पाणी न्या, आणि घरी आल्यावर बेसनाचा लाडू खुशाल खा.