मेमरी फोम की लेटेक्स? गादी घेण्याआधी थोडं

मेमरी फोमवर मी तीन वर्षं झोपलो, लेटेक्सवर, म्हणजे रबराच्या गादीवर, आता दुसरं वर्ष चालू आहे. त्यामुळे हे सगळं माझ्या पाठीच्या अनुभवावरून लिहितोय.

आधी फोमचं श्रेय फोमला. शेजारचा माणूस पहाटे उठला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांच्या खांद्याला तो खरंच आराम देतो. मला त्रास झाला तो कूस बदलण्याचा. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, म्हणजे आपण पडलेलो असतो तेवढाच भाग मऊ होऊन तिथे खळगा पडतो आणि आजूबाजूचा भाग घट्टच राहतो. वळायचं म्हटलं की झोपेत कोपर टेकून त्या खळग्यातून वर यावं लागायचं. थंडीत तर जास्तच. रात्रीतून दोन-तीनदा पुरती जाग यायची. लेटेक्स दबतं आणि लगेच वर येतं, त्यामुळे वळलेलं कळतही नाही. माझा निर्णय खरं तर इथेच झाला.

तरी फोमच घ्यायचा असेल तर घनता विचारा. विक्रेते गादी दाबून ‘बघा किती घट्ट आहे’ म्हणतात, पण घट्टपणा वेगळा आणि घनता, म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजनाचा फोम आहे ते, वेगळी. मेमरी फोमची घनता घनमीटरला ५० किलो किंवा जास्त असेल तर तो सहसा टिकतो, ४० च्या खाली असेल तर लवकर बसतो. शिवाय ८ इंची गादीत मेमरी फोम वरचा २ इंचच असू शकतो, खाली साधा फोम. प्रत्येक थराची जाडी आणि घनता लिहून मागा. टाळाटाळ झाली तर मी तरी ती गादी घेणार नाही.

नव्या फोमला वास येतो. खिडक्या उघड्या ठेवल्या की तो बहुधा काही दिवसांत जातो. दोन-तीन आठवड्यांनीही डोकं दुखत असेल तर गादी परत करावी. सर्टिपूर-यूएस हे फोमसाठीचं अमेरिकन प्रमाणपत्र असेल तर चांगलंच, त्यात फॉर्माल्डिहाइड, शिसं-पारा, काही थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) यांची तपासणी होते. पण ते फक्त फोमपुरतं असतं, खोळीला लागू नाही. आणि काही गाद्यांत आग पसरू नये म्हणून आतल्या आवरणात काचतंतू असतात. चेन दिसली म्हणून खोळ धुवायला काढली की ते घरभर पसरतात, आणि कपड्यांतून, फटींतून निघता निघत नाहीत. लेबलवर ग्लास फायबर लिहिलंय का, ते पैसे देण्याआधीच वाचा.

लेटेक्सलाही खोडी आहेत. गादी इतकी जड की उलटायला दोघं लागतात, आणि शेजारच्याची हालचाल थोडी जाणवते. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या गादीत कृत्रिम रबराची भेसळ असू शकते, म्हणून टक्केवारी विचारावी. घरात कुणाला लेटेक्सची ॲलर्जी असेल तर विषयच संपला, फोमच बरा.

एरवी दुकानात दोन मिनिटं बसून उठू नका. १५ मिनिटं एकाच कुशीवर पडून राहा, गादी अंगाखाली गरम होऊ द्या, आणि मग हात न टेकता वळून बघा.