हडसन व्हॅलीची चित्रकार टूर: जागांना पाच स्टार, टूरला अडीच

आई-बाबा सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत, लिबर्टी झालं, टाइम्स स्क्वेअर दोनदा झालं, म्हणून जरा वेगळं काहीतरी दाखवू असा विचार करून ही एका दिवसाची व्हॅन टूर बुक केली. माणशी 165 डॉलर, मॅनहॅटनहून सकाळी सातला पिकअप, वर टॅगलाइन "अमेरिकेची ओळख जिथे घडली". कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, फक्त पुढच्या माणसाचे पैसे वाचले तर बरं एवढंच.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही फारसं नव्हतं). 1825 मध्ये थॉमस कोल नावाचा पोरगा बोटीने हडसन नदीतून वर कॅट्सकिल डोंगरात गेला आणि त्याने तिथली चित्रं काढली, आणि न्यूयॉर्कच्या लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्याच वर्षी एरी कालवा पूर्ण झाला, 363 मैलांचा, म्हणजे हडसनवरून आत देशात माल जायला यायला लागला, हातात पैसा खुळखुळायला लागला. देश जेमतेम पन्नास वर्षांचा, युरोपवाले हिणवायचे की तुमच्याकडे ना किल्ले ना जुनी देवळं, दाखवण्यासारखं आहे काय. मग यांनी म्हटलं, आमच्याकडे डोंगर आहेत, धबधबे आहेत, जंगल आहे, हेच आमचं चर्च. त्यातून जी चित्रकारांची फळी उभी राहिली तिला हडसन रिव्हर स्कूल म्हणतात. गंमत म्हणजे अमेरिकेला तिचा निसर्ग दाखवणारा हा कोल इंग्लंडचा, बोल्टनजवळच्या गिरण्यांच्या भागातला, 17 वर्षांचा असताना इकडे आलेला. धुराडी बघून आलेल्या माणसालाच झाडांचं कौतुक असणार म्हणा.

पहिला स्टॉप कोलचं घर, कॅट्सकिल गावात, सीडर ग्रोव्ह. पिवळं घर, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यातून समोर डोंगरांची अख्खी रांग. आई तिथल्या पायरीवर बसली ती उठेचना. आत भिंतींवर कोलने स्वतः हाताने रंगवलेली बॉर्डर आहे, ती पुढच्या लोकांच्या रंगाच्या थरांखाली गाडली गेली होती आणि अलीकडे दुरुस्तीच्या वेळी सापडली, जुना रंग खरवडून ती बाहेर काढलीये. अगदी जवळ जाऊन बघा, ब्रशचा हात दिसतो. या जागेला माझ्याकडून दहापैकी दहा, तिथला स्टाफ पण मस्त, न विचारता सांगतात आणि विचारलं तर अजून सांगतात.

आता टूरचं रडगाणं. आमचा गाइड एक गोड पोरगा, पण फोनमधून वाचून दाखवणारा. व्हॅनमध्ये त्याने सांगितलं की इथे तेव्हा नुसतं जंगल होतं, माणूसकाणूस नव्हतं, आणि कोलने चित्रांतून लोकांना सांगितलं की चला पश्चिमेकडे, हा देश तुमचाच आहे. पाठोपाठ मॅनिफेस्ट डेस्टिनीवर पाच मिनिटं. बरं, तो शब्द जॉन ओ'सलिव्हन या संपादकाने 1845 मध्ये वापरला, अख्खा खंड व्यापणं हे आमच्या नशिबात देवानेच लिहिलंय अशा अर्थाने, आणि कोल 1848 मध्ये वारलासुद्धा. आणि कोल तर उलट बोलत होता! त्याची पाच चित्रांची मालिका आहे, द कोर्स ऑफ एम्पायर, 1836 ला पूर्ण केलेली, ती मी मॅनहॅटनमध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल या म्युझियममध्ये पाहिलीये. पहिल्यात रानटी अवस्था, मग शेतीभाती, मग संगमरवरी झगमगाट, मग लुटालूट, शेवटी नुसते खांब आणि वेली. पाचही चित्रांत मागे एकच डोंगर आणि त्याच्या टोकावर तोच एक धोंडा, साम्राज्य आलं गेलं, धोंडा जागच्या जागी. हा माणूस "पुढे चला" म्हणतोय असं कुणाला वाटेल? रेल्वेसाठी त्याच्या दरीतली झाडं तोडली तेव्हा तो केवढा चिडला होता. हे सगळं त्याच्या घरात सांगतात, आणि आमचा गाइड त्या वेळी बाहेर व्हॅनमध्ये एसी लावून बसला होता.

दुसरा स्टॉप काटरस्किल धबधबा, दोन टप्प्यांत पडतो, साधारण 260 फूट. खाली उतरायला वेळच नाही दिला, वरच्या प्लॅटफॉर्मवरून फोटो काढा आणि चला. तिथे गाइडने कोलचं 1826 चं चित्र फोनवर दाखवलं, धबधबा, लाल-पिवळी झाडं आणि मधोमध कड्यावर एकटा उभा इंडियन, म्हणजे इथला मूळ रहिवासी, मुंगीएवढा. बाबांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी धरला आणि विचारलं, "अरे, तू तर म्हणालास इथे कोणी नव्हतं, मग हा कोण?" गाइड हसला, म्हणाला "गुड क्वेश्चन सर". उत्तर नाहीच.

उत्तर मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. ही मोहिकन या इथल्या मूळ जमातीची नदी, त्यांच्या भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थच कधी न थांबणारं पाणी असा आहे. त्यांना आधी मॅसॅच्युसेट्सकडे, मग न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यांच्या जमिनीवर आणि मग पार विस्कॉन्सिनपर्यंत सरकवलं, आणि ते विस्कॉन्सिनला जाणं या चित्राच्या आसपासच्याच वर्षांतलं. आजही ते तिथेच आहेत. पुढे 1830 मध्ये तर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने इंडियन रिमूव्हलच्या, म्हणजे या मूळ लोकांना हलवण्याच्या, कायद्यावर सहीच केली. आणि दुसरी गोष्ट, 1826 मध्येही या धबधब्यापाशी टुरिस्टांसाठी कठडे आणि पायऱ्या होत्या, जवळच 1824 पासून मोठं हॉटेल चालू होतं. कोलने चित्रातून ते सगळं काढलं आणि जो माणूस तिथून हाकलला जात होता त्याला एकट्याला टाकला. तेव्हाचं फोटोशॉप. नंतर तर तिथल्या दुसऱ्या हॉटेलवाल्याने वर पाणी अडवून ठेवलं आणि 25 सेंट घेऊन धबधबा सोडायचा! खरंच, पैसे द्या मग निसर्ग चालू.

तिसरा ओलाना, नदीच्या पलीकडे टेकडीवर, कोलचा शिष्य फ्रेडरिक चर्च याचं घर. सगळ्यात मोठी तक्रार इथे, वेबसाइटवर "ओलाना भेट" लिहिलंय पण घराच्या आतलं तिकीट त्यात धरलेलंच नाही आणि एकूण वेळ 40 मिनिटं. मी आधी एकदा आतून बघितलंय म्हणून माझं ठीक, पण आई-बाबा बाहेरूनच विटांची नक्षी बघून आले, बाबा म्हणाले हे तर इराणच्या बाजूचं वाटतंय. बरोबर आहे, चर्च 1867 मध्ये मध्यपूर्व फिरायला गेला आणि आल्यावर अमेरिकेच्या या लाडक्या चित्रकाराने पर्शियन थाटाचं घर बांधलं. समोरचं तळं खोदलेलं आणि झाडं हजारोंनी लावलेली, म्हणजे खिडकीतून दिसणारा "नैसर्गिक" देखावाही त्याने केलेलाच. भारी माणूस. 1859 मध्ये त्याने हार्ट ऑफ द अँडीज हे एकच चित्र खोलीत पडदे लावून दाखवलं, पुन्हा 25 सेंट तिकीट, बाहेर रांगा, लोक नाटकाची दुर्बीण घेऊन यायचे. ते न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, डावीकडे खाली झाडाच्या खोडावर सही शोधा.

जायचं असेल तर स्वतः जा. अ‍ॅमट्रॅकच्या ट्रेनने न्यूयॉर्कहून हडसन स्टेशन साधारण दोन तास, जाताना डावीकडे बसा, अख्खा रस्ता नदी. ओलानाचं आतलं तिकीट आधी काढा. रिप व्हॅन विंकल पुलावर आता चालायला वाट आहे, दोन्ही घरांना जोडणारी, आम्ही ती व्हॅनमधून 40 च्या स्पीडने बघितली.

कंपनीला लांबलचक मेल केला, बाबांच्या प्रश्नासकट. तीन दिवसांनी उत्तर आलं, पुढच्या नायगारा टूरवर 10 टक्के सूट, सोबत कूपनवर धबधब्याचा फोटो, कठडा आणि माणसं क्रॉप केलेली.