कोलंबो: पहिला सीझन बघावा की तिसरा?

'कोलंबो' ही जुनी अमेरिकी पोलीस-तपासाची टीव्ही मालिका बघायची आहे, पण सगळी मालिका बघायला वेळ नाही, असं म्हणणाऱ्यांसमोर बहुतेक वेळा हे दोन पर्याय येतात. पहिला सीझन १९७१-७२ चा, तिसरा १९७३-७४ चा. पहिल्यात सात भाग आहेत, तिसऱ्यात आठ. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीने उभा केलेला, पीटर फॉकने साकारलेला लॉस एंजेलिस पोलिसांतला हा लेफ्टनंट दोन्हीकडे तोच आहे. चुरगळलेला रेनकोट, जुनी प्यूजो गाडी आणि दारापर्यंत जाऊन "अजून एक विचारायचं राहिलं" म्हणत मागे फिरणं, सगळं तेच. फरक आहे तो त्याच्यासमोरच्या माणसांत.

या मालिकेत खून कोणी केला हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच दिसतं. पुढे पाहायचं ते एवढंच, की कोलंबो त्याला पकडतो कसा. त्यामुळे मी खाली खुन्यांची नावं घेतली तरी तुमचा विरस होणार नाही. शेवट मात्र कुठलाच सांगत नाही.

पहिल्या सीझनची ताकद बांधणीत आहे. प्रत्येक भाग साधारण सव्वा तासाचा, त्यामुळे पसारा नाही. 'मर्डर बाय द बुक' तेव्हा चोविशीत असलेल्या स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलाय. सुरुवातीला रस्त्यावरून गाडी येताना दिसते, पण कानावर पडतो तो फक्त टाइपरायटरचा खडखडाट. दोन लेखक जोडीने रहस्यकथा लिहीत असतात, प्रत्यक्षात लिहितो एकच, आणि दुसरा त्याला मारायला निघालेला असतो. याच भागात कोलंबो मृताच्या बायकोसाठी तिच्याच स्वयंपाकघरात ऑम्लेट करतो आणि करता करता चौकशी करतो. तिला धीरही मिळतो आणि त्याला माहितीही.

'डेथ लेंड्स अ हँड' तर पटकथेचा धडाच आहे. लेव्हिन्सन-लिंक यांना या भागाच्या लेखनासाठी एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळाला. रॉबर्ट कल्पने रंगवलेला खासगी गुप्तहेर रागाच्या भरात एका बाईचा जीव घेतो, आणि पुढे तो पुरावे कसे नाहीसे करतो हे आपल्याला त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत, दोन छोट्या पडद्यांवर दिसावं तसं दिसतं. 'सूटेबल फॉर फ्रेमिंग'चा शेवट माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वांत चपखल आहे. 'शॉर्ट फ्यूज' आणि 'डेड वेट' हे भाग मात्र बेताचे आहेत. आणि हो, कोलंबोचा तो आळशी कुत्रा इथे शोधू नका, तो दुसऱ्या सीझनपासून येतो.

पण पहिल्या सीझनचे खुनी बहुतेक उद्दाम, श्रीमंत आणि थंड. ते हरले की बरं वाटतं आणि विषय संपतो. तिसऱ्यात तसं होत नाही.

'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'मध्ये डोनाल्ड प्लेझन्सने रंगवलेला एड्रियन कार्सिनी वाइनसाठी जगणारा माणूस आहे. सावत्र भाऊ वाइनरी विकायला निघतो, तेव्हा हा त्याला डोक्यात घाव घालून तळघरात बांधून ठेवतो, तिथली हवा बंद करतो आणि लिलावासाठी न्यूयॉर्कला जातो. कृत्य निर्घृण आहे. तरी कोलंबो या माणसाशी बोलता यावं म्हणून वाइन शिकतो, आणि त्याच्या शिकण्याचं कार्सिनीला मनापासून कौतुक वाटतं. त्या दोघांत तयार होणारा आदर खोटा नाही, म्हणूनच सापळा मिटताना आपला जीव कासावीस होतो.

'स्वान साँग'मध्ये प्रसिद्ध अमेरिकी गायक जॉनी कॅश भक्तिगीतं गाणारा गायक झालाय. त्याची बायको त्याला मुठीत ठेवून सगळी कमाई प्रार्थनामंदिरासाठी ओढून घेते, त्यामुळे आपण त्याच्या बाजूने झुकतो. पण विमान पाडताना तो बायकोबरोबर एका कोवळ्या मुलीचाही बळी देतो, आणि ते विसरता येत नाही. 'अ फ्रेंड इन डीड'मध्ये तर खुनी कोलंबोचाच वरिष्ठ अधिकारी आहे. इथला कोलंबो मला सर्वांत धाडसी वाटतो.

या सीझनचा दोष म्हणजे लांबी. निम्मे भाग दीड तासाच्या वर जातात आणि 'कँडिडेट फॉर क्राइम' तर मध्येच रेंगाळतो. 'माइंड ओव्हर मेहेम' सरळ वगळा.

एकच सीझन बघणार असाल तर तिसरा घ्या. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र आहे, मागचं काही अडत नाही. रोज जेवणानंतर एकच आटोपशीर भाग हवा असेल, किंवा कोडं सुटण्याचीच गंमत जास्त आवडत असेल, तर पहिला. आणि तिसरा घेतलात तरी आधी 'डेथ लेंड्स अ हँड' बघाच. कल्प तिसऱ्या सीझनच्या 'डबल एक्स्पोजर'मध्ये वेगळा खुनी म्हणून परत येतो, आणि फॉकसमोर तो काय ताकदीने उभा राहतो हे दोन्ही भाग लागोपाठ पाहिल्यावर जास्त कळतं.