दहापट भिंग, लाल दोरीसकट

ड्रुइड साधना, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या नावाने आज चालणारी निसर्गपूजा, सुरू करायची म्हणून पहिल्या दोन महिन्यांत मी बऱ्याच वस्तू घेतल्या. त्यातल्या आज रोजच्या वापरात दोनच आहेत: बिनरेघी वही आणि दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. पांढरा झगा कपाटात आहे, नक्षीची काठी दारामागे उभी आहे. वहीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. भिंगाबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण नव्याने सुरुवात करणारे सगळे झग्याबद्दल विचारतात आणि भिंगाबद्दल कुणीच विचारत नाही.

मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. एका केअर होममध्ये काम करते, बहुतेक दुपार-संध्याकाळची पाळी असते, त्यामुळे सकाळ माझी. घरापासून चालत वीस मिनिटांवर एक रान आहे. त्यातून सार्वजनिक पायवाट जाते आणि तिच्या कडेला एक जुना ओक आहे. आठवड्यातून किमान तीनदा मी त्याच्या बुंध्याशी जाऊन बसते. साधनेचा पत्ता म्हणाल तर तोच.

आता भिंग. आधी मी चुकीचं घेतलं होतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘तीसपट’ असं लिहिलेलं, सहा पौंडांचं. त्यातून मधला एक ठिपका तेवढा स्पष्ट दिसायचा, कडेला सगळं वाकलेलं आणि जांभळ्या-पिवळ्या किनारी. खरं मोजलं तर ते दहापटीच्याही आतलं असावं. महिनाभर मला वाटत राहिलं की माझेच डोळे गेले. मग निसर्ग अभ्यासकांचं साहित्य विकणाऱ्या एका छोट्या दुकानातून अठरा पौंडांना हे घेतलं: दहापट, एकवीस मिलिमीटर व्यासाचं, काचेची तीन भिंगं एकावर एक चिकटवून केलेलं. तीन भिंगांच्या जोडणीमुळे रंगांच्या किनारी जातात आणि चित्र कडेपर्यंत सपाट राहतं. पैसे द्यायचे ते या तिहेरी काचेचे. आकड्याला भुलू नका. वीसपट घेतलं तर वस्तू भिंगापासून सव्वा सेंटिमीटरवर आणावी लागते, नजरेचा घेर आणि उजेड दोन्ही कमी होतात आणि हात जरा हलला की सगळं निसटतं. दहापटीला अडीच सेंटिमीटर अंतर मिळतं, आणि त्यात सगळं काम होतं.

धरायचं कसं हे मला आमच्या केअर होममधल्या एका आजोबांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यभर माळीकाम केलेलं. मी डबा खायच्या सुट्टीत खिडकीतल्या कुंडीवर भिंग धरून हातभर लांबून बघत होते. ते म्हणाले, असं नाही पोरी, भिंग डोळ्याला लाव, अगदी पापणी टेकेल इतकं, आणि मग पान उचलून भिंगाकडे आण. झाडाची फांदी असेल तर तूच वाक. त्या दिवसापासून माझं बघणं बदललं. भिंग डोळ्याशी ठेवलं की नजरेचा घेर एकदम उघडतो. आणि झाडापुढे वाकावं लागतं, याला माझ्या साधनेत वेगळा अर्थ आला आहे. झगा घालून, हात पसरून उभं राहण्यात मला जे मिळालं नाही ते या वाकण्यात मिळालं.

थोडं ड्रुइडांबद्दल, कारण हे भिंग साधनेचं साधन का म्हणते ते त्याशिवाय कळणार नाही. प्राचीन ड्रुइडांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. रोमन सेनापती सीझर सांगतो की काही शिष्य वीस वीस वर्षं शिकत, पद्यं पाठ करत, आणि ते ज्ञान लिहून ठेवणं त्यांना योग्य वाटत नसे. बहुतेक ग्रीक आणि रोमन लोकांनी वरवर लिहिलेलं तेवढं आपल्यापर्यंत पोचलं. आज जी साधना चालते ती अठराव्या शतकापासून घडत आली आहे. वेल्श कवी योलो मोर्गानगने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर आपला विधी केला आणि प्राचीन म्हणून जे साहित्य पुढे ठेवलं त्यातलं बरंचसं त्याने स्वतःच रचलेलं निघालं. वर्षातले आठ सण एकत्र गुंफले गेले तेही विसाव्या शतकाच्या मध्यावर. मला यात काही कमीपणा वाटत नाही. २०१० साली इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनने द ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धर्माच्या कामासाठीची धर्मादाय संस्था म्हणून मान्यता दिली, म्हणजे कायद्याच्या नजरेतही हा जिवंत धर्म आहे. पण मूळ पोथी नाही हे मान्य केलं की प्रश्न उरतो, शिकायचं कुणाकडून? माझं उत्तर आहे, ओककडून, हेझलच्या झुडपाकडून, त्यांच्या खोडावरच्या शेवाळाकडून. आणि त्यांच्याकडून शिकायचं तर आधी ती नीट दिसायला हवीत.

माझी बैठक अशी असते. पायवाट सोडताना थांबते, तीन सावकाश श्वास. झाडाला हात लावून नमस्कार. मग ‘अवेन’ हा वेल्श शब्द, म्हणजे प्रेरणा, कवीच्या अंगात येते ती, हलक्या आवाजात लांबवून तीनदा म्हणते. दहा मिनिटं नुसतं बसणं. त्यानंतर भिंग काढते आणि एकच गोष्ट बघते. एकच, हा नियम मी कसोशीने पाळते. तारीख, हवा, चंद्र आणि त्या एका गोष्टीचं चित्र वहीत. चित्र चांगलं येत नाही, पण काढायला बसलं की डोळा तिथे टिकतो.

पहिली खरी भेट झाली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, इम्बोल्कच्या सणाच्या आसपास. हेझलला तेव्हा पिवळे लोंबते तुरे असतात, ते कुणालाही दिसतात. ते नर फुलोरे. मादी फुलं कुठे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. फांदीवर एक कळी दिसली, बाकीच्यांसारखीच हिरवट, टोकाला जरा लाल काहीतरी. भिंग डोळ्याला लावून वाकले. कळीच्या टोकातून किरमिजी रंगाचे धागे बाहेर आलेले, झुपकाच, समुद्रातल्या प्राण्याने हात पसरावेत तसे, आणि त्यातल्या दोघांवर पिवळे परागकण चिकटलेले. वारा पडला होता म्हणून दिसले. ते सगळं फूल काही मिलिमीटरचं. त्या फांदीजवळून मी तीन हिवाळे गेले होते.

घरी येऊन वाचलं तेव्हा आणखी एक कळलं. हेझलचं परागण हिवाळ्यात होतं, पण खरी फलधारणा चार-पाच महिन्यांनी. तोवर पराग आत पोचून थांबून राहतो. आयर्लंडच्या जुन्या कथांमध्ये ज्ञानाच्या विहिरीभोवती नऊ हेझल आहेत, त्यांची फळं पाण्यात पडतात आणि सामन मासा ती खातो. ही कथा मी पुष्कळदा वाचली होती. ते लाल धागे बघितल्यावर मात्र त्या थांबून राहिलेल्या परागाचं चिंतन मी जूनपर्यंत केलं. त्या वर्षी माझ्या आयुष्यात बरंच काही थांबलेलं होतं. जास्त लिहीत नाही.

मराठी वाचकांना एक खास सांगायचं आहे. इथल्या झाडांची नावं मला परकी होती, आणि परकी झाडं पूजायची याचा मनात कुठेतरी संकोच होता. मग एका पावसाळी सकाळी ओकच्या पडलेल्या फांदीवर राखाडी, पापुद्र्यासारखं काहीतरी दिसलं. भिंगाखाली त्याच्या कडा पिठूळ दिसल्या, आणि एक-दोन ठिकाणी बारीक काळे केस. हे मी पाहिलंय, असं सारखं वाटत होतं. संध्याकाळी मसाल्याचा डबा उघडला आणि दगडफुलाचा तुकडा भिंगाखाली धरला. तशाच पिठूळ कडा. पार्मोट्रेमा परलॅटम या नावाचं दगडफूल आपल्या मसाल्यात पडतं, तेच दक्षिण आणि पश्चिम इंग्लंडच्या झाडांवर वाढतं. एक बुरशी आणि एक शैवाल मिळून हा जीव होतो. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आईला फोन केला, तर ती म्हणाली, अगं मग त्यात काय, वास घेतलास का?

तसंच मायफळाचं. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे दुसऱ्या एका ओकवर बारीक गांधीलमाशी अंडी घालते तेव्हा झाडाने धरलेली गाठ. माझ्या ओकवरही तशा गोळ्या आहेत. भिंगातून एकावर सुईच्या टोकाएवढं गोल भोक दिसतं, कीटक बाहेर पडल्याचं. आणि बांडगूळ! ज्या मिसलटोला ड्रुइडांनी सगळ्यात पवित्र मानलं, सोन्याच्या विळ्याने कापलं असं रोमन लेखक प्लिनी सांगतो, ते आपल्या बांडगुळाच्याच जातकुळीतलं. मराठीत तो शब्द शिवी झाला आहे. इथे ते सफरचंद, लिंडेन, पॉप्लर यांच्यावर भरपूर असतं, ओकवर फार क्वचित. ओकवर सापडलं की सोहळा का होई, हे त्या दुर्मीळपणातून कळतं. माझ्या ओकवर नाहीच. सफरचंदाच्या बागेत खाली पडलेल्या डहाळीवर मी त्याची फुलं पाहिली, पिवळट-हिरवी, फारच छोटी. फळं विषारी असतात, त्यांना तोंड लावू नका.

भिंगाचा आणखी एक मोठा गुण म्हणजे काही तोडावं लागत नाही. इथे १९८१च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मला तोडवत नाही. शेवाळाच्या बीजाणूंच्या बोंडाच्या तोंडावरचे बारीक दात बघायचे तर पोटावर झोपून बघा.

आता उणिवा. माझ्या भिंगाला दिवा नाही, आणि ही चूक मी मान्य करते. इंग्लंडमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, रानात तर त्याच्याही आधी, आणि ढगाळ सकाळीसुद्धा खोडाच्या सालीतलं काही कळत नाही. दिव्याचं मिळत असेल तर चार-पाच पौंड जास्त द्या. दुसरं, घडीचा स्क्रू वर्षभरात सैल झाला. चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने घट्ट होतो, पण तेवढं लक्ष ठेवावं लागतं. पाऊस लागला तर जुन्या सुती कापडाने टिपा, रगडू नका, वाळूचा एक कण काच ओरखडतो. उन्हात गवतावर उघडं ठेवू नका, आणि सूर्याकडे तर कधीच धरू नका.

चष्मा फक्त वाचायचा असेल तर काढून बघा, मला तसं जमतं. लांबचा असेल तर दोन्ही प्रकारे करून पाहा.

आजोबांसाठी मी गेल्या महिन्यात दुसरं मागवलं, दिव्याचं. त्यांना आता बाहेर नेता येत नाही. जानेवारीअखेर हेझलची डहाळी वादळाने पडली तर आणून पाण्यात ठेवायची असं ठरलं आहे, लाल धागे उबेत लवकर येतात म्हणाले.

आणि भिंगाबरोबर दोरी येत नाही, वेगळी घ्या. लालच घ्या. करड्या दोरीचं माझं पहिलं भिंग अजून त्याच रानात पानांखाली कुठेतरी आहे.