व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतरचा छातीचा पट्टा: पुरुषाच्या मापाचा, बाईच्या गैरसोयीचा

हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलताना छाती मधोमध उघडली असेल, तर उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, उभी कापलेली असते आणि शेवटी बहुतेक वेळा ६ ते ८ स्टीलच्या तारांनी परत आवळलेली असते. तारा फक्त हाड जागेवर धरतात. सांधायचं काम हाडालाच करायचं असतं. त्याला ६ ते ८ आठवडे लागतात, पुरती मजबुती यायला १२ किंवा त्याहून जास्त. घरी जाताना मिळणारा किंवा दुकानातून आणलेला छातीचा पट्टा या मधल्या काळासाठी असतो. पाकिटावर छातीचा एकच घेर छापलेला असतो. बाईच्या छातीला मात्र दोन घेर असतात, एक स्तनांवरून आणि एक स्तनांखालून. तिथूनच त्रास सुरू होतो.

आधी साधा इलॅस्टिकचा, वेल्क्रोचा पट्टा. सपाट छातीच्या पुरुषाला तो नीट बसतो. पट्टा पाठीमागून आणून पुढे चिकटवायचा, श्वास नेहमीसारखा सोडलेला असताना, आणि आत दोन बोटं आडवी सहज जातील इतपतच घट्ट. खोकताना, शिंकताना किंवा खाटेवरून उठताना याने बरं वाटतं. पण हाड हलू न देण्याची ताकद या पट्ट्यात नाही, आणि ‘जितका घट्ट तितकं चांगलं’ ही समजूत महागात पडते. दिवसभर आवळून ठेवला की श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, कफ साठतो आणि ताप येतो. खोकताना उशी छातीशी घट्ट कवटाळली तरी जवळजवळ तेवढाच आधार मिळतो, हेही पट्टा विकत घेण्याआधी लक्षात घ्यावं.

बाईला तोच पट्टा तीन प्रकारे छळतो. स्तनांवरून बांधला तर स्तन दाबून दोन्ही बाजूंना ढकलले जातात आणि जखमेची कातडी मधून ताणली जाते. खाली सरकला तर गुंडाळी होऊन स्तनाखालच्या घडीत रुततो. तिथे घाम साचतो, कातडी ओलसर राहते आणि बुरशीचं लाल, खाजरं पुरळ उठतं. ते जखमेच्या खालच्या टोकापर्यंत पोचलं, तर संसर्गाला वाटच मिळते. जड स्तन असलेल्या स्त्रीला हा पट्टा आम्ही सुचवणार नाही.

तिच्यासाठी खरी वस्तू म्हणजे पुढून उघडणारी, तार नसलेली आधाराची ब्रा. मागे हुक लावायला हात पाठीमागे न्यावे लागतात आणि नेमकं तेच या काळात टाळायचं असतं. खांद्याच्या पट्ट्या रुंद हव्यात आणि पुढूनच सैल-घट्ट करता यायला हव्यात, म्हणजे हात डोक्यावर न्यावे लागत नाहीत. खालची पट्टी रुंद हवी, शिवण मधोमध नको. बाजारातल्या बऱ्याच ब्रांमध्ये एक मोठी चूक दिसते: झिप अगदी जखमेवरच येते. झिपच्या आत मऊ कापडाची पूर्ण लांबीची पट्टी नसेल तर ती ब्रा परत करावी. हुक असतील तर ते मधोमध न येता एका बाजूला सरकलेले असावेत.

माप ऑपरेशनच्या आधी घ्यावं आणि खालचा घेर एक माप मोठा घ्यावा, कारण पहिल्या आठवड्यात अंगावर सूज असते. घालायला सुरुवात कधी करायची ते शस्त्रक्रियेच्या चमूने सांगायचं, पण पहिल्या एक-दोन दिवसांतच विचारून घ्यावं. पुढचे सहा आठवडे रात्रीसुद्धा घालायची. रात्री कशाला, असं अनेकींना वाटतं. उताणं झोपलं की दोन्ही स्तन बाजूंना ओघळतात आणि जखम दोन्हीकडून ओढली जाते, म्हणून. धुण्यासाठी तीन नग असावेत. बसली आहे का ते तपासायला आरशासमोर उभं राहावं, मग उताणं झोपून कोणाकडून तरी बघून घ्यावं. जखमेच्या कडेची कातडी दोन्ही वेळा सैल दिसली पाहिजे. स्थूल पुरुषांच्या छातीलाही असाच ताण पडतो. त्यांनी बिनतारेची, पुढून उघडणारी घट्टसर बंडी वापरायला हरकत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना कडक पॅड असलेलं जाकीट. हाडाला खरा आधार देणारं हेच. छातीचा घेर मोठा, वजन जास्त, मधुमेह, विडी-सिगारेटमुळे जुना खोकला असं ज्यांचं असतं, त्यांच्यासाठी ते घेण्यासारखं आहे. जाकीट दिवसरात्र, साधारण सहा आठवडे घालायचं असतं. उकडतं म्हणून दुपारी काढून ठेवलं तर घेऊन उपयोग नाही. बाईसाठी घेताना पॅड स्तनांच्या मधे बसतात की त्यांच्यावर चढतात, हे घालूनच बघावं.

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वास खोल ओढायच्या व्यायामाचं छोटं यंत्र, बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही मिळतो आणि दोघंही चुकतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. त्यावर बहुधा ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ते दर सेकंदाला आत जाणाऱ्या हवेचे घनसेंटिमीटर. पुरुष जोरात हिसका देऊन तिन्ही चेंडू उडवतात आणि खूश होतात. त्यात वेग असतो, खोल श्वास नसतो. श्वास हळू ओढून एक किंवा दोन चेंडू वर धरायचे, तीन सेकंद थांबायचं, मग सोडायचं; जागेपणी दर तासाला दहादा. ठेंगण्या, वयस्कर बाईला तिसरा चेंडू उचलता येत नाही म्हणून ती खचते. फुप्फुसाची अपेक्षित क्षमता वय, उंची आणि लिंग यांवर ठरते, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या पुरुषाशी तुलना करायचं काही कारण नाही. चेंडूंऐवजी आकारमान दाखवणारं यंत्र मिळालं तर ते जास्त चांगलं, कारण त्यावर स्वतःचं लक्ष्य खुणेने लावता येतं.

घरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, मोजायचं यंत्र यांत्रिक (कृत्रिम, धातू-कार्बनचा) व्हॉल्व्ह असलेल्यांसाठी; त्यांना रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागते. अॅऑर्टिक (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला सहसा २ ते ३, मायट्रलला (डाव्या दोन कप्प्यांमधल्या व्हॉल्व्हला) २.५ ते ३.५ असं लक्ष्य असतं. आपलं लक्ष्य डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. बोट कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करावं, टोचल्यावर पहिलाच थेंब लगेच पट्टीवर लावावा. बोट पिळून काढलेल्या थेंबाने आकडा चुकू शकतो. स्त्रियांसाठी यात तीन गोष्टी जास्तीच्या आहेत. रक्तक्षय बराच असेल तर यंत्र चूक दाखवतं किंवा वाचनच देत नाही, म्हणून अधूनमधून प्रयोगशाळेतल्या तपासणीशी ताळा घ्यावा. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर पाळीचा रक्तस्राव वाढतो. तो ‘चालायचंच’ म्हणून सोडू नये, हिमोग्लोबिन बघावं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर वॉरफरिनबद्दल (हीच ती रक्त पातळ करणारी गोळी) आधीच बोलावं, कारण गर्भाला, विशेषतः गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, त्याचा धोका असतो.

कार्डिअॅक रिहॅब, म्हणजे ऑपरेशननंतर देखरेखीखाली व्यायामाने ताकद परत आणायचा कार्यक्रम, ही यातली सगळ्यात गुणकारी सेवा, आणि तिथेच बायका सर्वांत कमी पोचतात. डॉक्टर चिठ्ठीच कमी देतात, घरचं काम सुटत नाही, नेऊन आणणारं कोणी नसतं. केंद्र निवडताना विचारावं: आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या जमल्या नाहीत तर घरून करायचा कार्यक्रम आणि फोनवर पाठपुरावा मिळतो का? सुरुवातीला सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतात का? बीटा ब्लॉकर (नाडी संथ करणारी गोळी) चालू असताना नाडीवर भर न देता, आपल्याला किती श्रम वाटतात त्याच्या ६ ते २० या मोजपट्टीवर ११ ते १३ राखायला शिकवतात का? आणि फक्त ट्रेडमिलवर न थांबता घरकामात हात कसे वापरायचे ते शिकवतात का? सुमारे ५ किलोच्या वर उचलायचं नाही, असं सांगितलेलं असतं. पण १० लिटरची भरलेली बादली १० किलोची होते, आणि ओल्या कपड्यांचं घमेलं किंवा कडेवर घ्यायचं मूल यांना कोणी वजन समजत नाही. पुरुषांची अडचण उलटी. चौथ्या आठवड्यात बरं वाटलं की ते सिलिंडर किंवा मोटारसायकल ढकलायला जातात. दोघांनाही एकच नियम: कोपरं अंगाला लागून ठेवली तर हातांचं बरंच काम चालतं, लांब नेली की उरोस्थीवर ताण येतो.

अॅऑर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झालेल्या स्त्रियांच्या हृदयाचा स्नायू जाड आणि कप्पा लहान असतो. व्हॉल्व्ह बदलल्यावर तो जाडपणा त्यांच्यात बहुधा लवकर उतरतो. तरीही घरी उठणं-बसणं, जिने चढणं सावकाश परत येतं, कारण त्या ऑपरेशनला उशिरा, जास्त वयात आणि क्षीण होऊन पोचलेल्या असतात. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला की रिहॅब बंद, हा हिशेब बाईच्या बाबतीत चुकतो.

कूस बदलताना किंवा खोकताना छातीत ‘कट्’ असा आवाज आला, हाडाच्या कडा हलल्यासारख्या वाटल्या, जखमेतून पाणी किंवा पू आला किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर पट्टा आणखी आवळून वाट बघू नये. त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या चमूकडे जावं.