इंग्लंडच्या चर्च-नोंदींतून पूर्वजांचं लग्नाचं वय पडताळणं : चार साइट्स काही महिने वापरल्यानंतर

इंग्रज पूर्वजांचं लग्न कितव्या वर्षी झालं हे शोधण्यासाठी फ्रीरेग, फॅमिलीसर्च, ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या जुन्या नोंदी शोधण्याच्या साइट्स काही महिने वापरल्यावर मत ठाम झालं आहे. नाव सापडणं सोपं आहे. सापडलेली बाप्तिस्म्याची नोंद त्याच माणसाची आहे हे दाखवणं अवघड आहे, आणि ते काम कोणतीही साइट करून देत नाही.

मुळात जुन्या लग्नाच्या नोंदीत वय क्वचितच असतं. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, नोंदवह्या सुरू झाल्या. तिथून पुढे दोनशे वर्षं बहुतेक ठिकाणी तारीख आणि दोन नावं, एवढंच मिळतं. लग्नांबद्दलचा हार्डविकचा कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला तेव्हा छापील नमुना, वधूवरांच्या सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार आले. वयाचा रकाना मात्र १ जुलै १८३७ पासूनचा. त्यातही अनेक पाद्री नुसतं 'पूर्ण वय' लिहीत, म्हणजे २१ किंवा त्याहून जास्त. पंचेचाळिशीची विधवाही त्यात बसते. आकडा नेमका २१ असेल तर जास्तच सावध राहावं. २१ च्या आतल्यांना लागणाऱ्या आईबापांच्या संमतीचा प्रश्न नको म्हणून वय वाढवून सांगितलं जाई, आणि जन्माचा पुरावा सहसा कोणी मागत नसे.

म्हणून वय काढायचं ते बाप्तिस्म्यावरून. लग्नाच्या पॅरिशपासून सुरुवात करून साधारण १५ किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या पॅरिश तपासाव्यात. फ्रीरेगवर जवळपासची गावं शोधात घेण्याची सोय आहे, ती याच कामाची. एकाच नावाची तीन-चार बाळं मिळणं नेहमीचं आहे. इथेच बहुतेक वंशवृक्ष बिघडतात, कारण मंडळी सोयीचं वय देणारं बाळ उचलतात आणि पुढे जातात.

त्याऐवजी प्रत्येक बाळासाठी दफनाची वही उघडायची. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये सर्रास होती. १७२१ ची मेरी आणि १७२५ ची मेरी, आईबाप तेच, असं दिसलं तर पहिली बहुधा दगावलेली असते, आणि लग्नाचं वय एकदम चार वर्षांनी खाली येतं. जी बाळं मोठी झाली त्यांची लग्नंही शोधायची. त्याच नावाची एखादी मेरी शेजारच्या गावात लग्न करून गेली असेल तर ती यादीतून बाद. उरलेल्या नावाला मग साक्षीदारांची नावं, भावंडं, वडिलांचा धंदा यांचा आधार मिळतो का ते पाहायचं. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट नाही.

बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, हेही लक्षात ठेवावं. सोळाव्या शतकात बाळाला काही दिवसांतच चर्चमध्ये नेत. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे महिनाभराचं अंतर सामान्य होतं. चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला दिसला तर त्या तारखेवरून वय काढूच नये. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर ३ पेन्सचा कर बसला. तो लागू होण्याआधी मुलं उरकून घेण्याची घाई झाली, आणि १७९४ मध्ये कर उठेपर्यंत काहींनी चालढकल केली. यॉर्कशायरचे पूर्वज असतील तर नशीब चांगलं: विल्यम डेड या पाद्रीच्या पद्धतीने १७७० च्या दशकापासून १८१२ पर्यंत ठेवलेल्या वह्यांत जन्मतारीख आणि कधीकधी आजीआजोबाही सापडतात.

सर्वाधिक गोंधळ कॅलेंडरचा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. बाप्तिस्म्याच्या वहीत '१२ फेब्रुवारी १७१८' लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७१९ आहे. त्या बाळाचं ३ मे १७३९ ला लग्न झालं असेल तर सरळ वजाबाकी २१ देते, खरं वय २० येतं. मग लायसन्सच्या, म्हणजे चर्चच्या लग्न-परवान्याच्या, कागदावर वडिलांची संमती का आहे, हे कोडंही सुटतं. काही सूचींमध्ये वर्ष आधीच दुरुस्त केलेलं असतं, काहींमध्ये नसतं. मूळ पानाचं छायाचित्र उघडून वरच्या-खालच्या नोंदी वाचल्या की डिसेंबरनंतर आकडा बदलला की मार्चनंतर, ते लगेच कळतं.

लायसन्स हा शब्द दिसला तर आनंद मानावा. बॅन्सने, म्हणजे तीन रविवार चर्चमध्ये घोषणा करून झालेल्या लग्नात वयाचा कागद तयार होत नसे. लायसन्ससाठी मात्र शपथपत्र लागे, आणि त्यात वय असतं. '२१ आणि वर' हा ठोकळा आहे, त्यावरून फक्त खालची मर्यादा कळते. '२६' किंवा '३३' असा सुटा आकडा त्यापेक्षा बराच विश्वासाचा. हे कागद बहुधा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, अभिलेखागारात असतात.

१८३७ च्या आसपासच्या लग्नांना जनगणनेचा पडताळा द्यावा, पण १८४१ चा नव्हे. त्या वर्षी १५ च्या वरची वयं ५ च्या पटीत खाली आणण्याची सूचना होती; २९ चा माणूस २५ चा दिसतो. १८५१ मध्ये वय आणि जन्माचं पॅरिश दोन्ही मिळतं, आणि जन्मगाव वयापेक्षाही उपयोगी पडतं. १८१३ पासून दफनाच्या नोंदीत वय असतं, पण ते सांगणारा माणूस दुसराच असतो, तेव्हा दोन-तीन वर्षांचा फरक धरून चालावं.

आपल्याकडे पणजीचं लग्न नवव्या-दहाव्या वर्षी झालेलं ऐकत मोठे झालेल्या वाचकांना चौदा वर्षांची इंग्रज वधू खटकत नाही. ती खटकायला हवी. कायद्याने मुलगी १२ आणि मुलगा १४ चा झाला की लग्न चालत असे, ते थेट १९२९ पर्यंत. पण सतराव्या शतकात सामान्य घरातली मुलगी पहिलं लग्न सरासरी २६ च्या आसपास करी, पुरुष २८ च्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींची सरासरी २३–२४ वर आली. हिशेबात १५ आलं तर आधी बाप्तिस्मा चुकीचा धरावा.

साइट्सबद्दल. फ्रीरेग पूर्ण मोफत, पण मूळ पान दाखवत नाही; पहिला शोध तिथे घ्यावा. फॅमिलीसर्चही मोफत. तिथल्या जुन्या सूचीत 'सी' किंवा 'एम' ने सुरू होणारा बॅच क्रमांक असेल तर नोंद वहीतून काढलेली असते. नुसते आकडे असतील तर बहुधा कुणा सभासदाने पाठवलेली, ती पुरावा म्हणून धरू नये. सशुल्क साइट काउंटी पाहून निवडावी: लंडनच्या वह्यांसाठी ॲन्सेस्ट्री, यॉर्कशायरसाठी फाइंडमायपास्ट. दोन्ही एकदम घेण्याची गरज नाही. आधी मोफत शोधातून तपासायच्या पानांची यादी करावी आणि मग एका महिन्याचे पैसे भरावेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये लग्न झालेल्यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्टवर दिसतात.

शेवटी वंशवृक्षात वय लिहिताना एक आकडा टाकू नये. 'बाप्तिस्म्यावरून २०, लायसन्सवर २१ आणि वर, १८१९ च्या दफन-नोंदीवरून २२' असं तिन्ही लिहावं आणि प्रत्येकापुढे वहीचं नाव व पान द्यावं.